आवडत नाही, शोभत नाही, चालत नाही

"हे घालून येणार आहेस?"

या वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असतं, पण ऐकणाऱ्याला ते कधी ऐकू येत नाही. लग्नाला निघायची घाई, रिक्षा खाली उभी, आणि दारात एकजण दुसऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळून हे म्हणतो किंवा म्हणते. त्यावर "का, काय झालं?" आणि त्यावर "काही नाही, चल." पुढचा पाऊण तास रिक्षात कुणी बोलत नाही.

आमच्या घरात हा प्रश्न बरीच वर्षं एका शर्टाभोवती फिरला. पिस्ता रंगाचा, बारीक चौकडीचा, अर्ध्या बाह्यांचा. खिशाच्या खालच्या कोपऱ्यात शाईचा डाग, आणि कॉलर विरली म्हणून शिंप्याकडून एकदा उलटवून घेतलेली. नवऱ्याला तो जीव की प्राण. बँकेत तोच, भाजीला तोच, माझ्या मावसबहिणीच्या साखरपुड्यालाही तोच. शेवटी एका दुपारी मी तो बोहारणीला दिला. तिने तो उजेडाकडे धरला, काखेतली शिवण बोटाने ताणून पाहिली, तोंड वाकडं केलं, त्यावर दोन पँटी आणि एक साडी मागून घेतली आणि स्टीलचा झाकणाचा डबा पुढे सरकवला. तीन आठवड्यांनी नवऱ्याने कपाट उपसलं. "तू माझा शर्ट विकलास?" म्हणाला. त्या डब्यात आता पोहे असतात. रविवारी सकाळी तो अजूनही म्हणतो, "आज माझ्या शर्टातले पोहे कर."

ही गोष्ट मी कुठेही सांगितली की लोक हसतात. पण कल्पना करा, त्याने माझा बिनबाह्यांचा ब्लाउज मला न विचारता बोहारणीला दिला असता, का तर त्याला तो आवडत नव्हता. ती गोष्ट मी चारचौघांत सांगितली असती का, आणि सांगितली असती तर कोण हसलं असतं? जोडीदाराचे कपडे न आवडणं ही तक्रार दोन्ही बाजूंनी होते, पण तिचं वजन दोन्ही बाजूंना सारखं भरत नाही. या विषयावर लिहिताना आधी तेवढं कबूल करायला हवं.

मराठीत या नावडीला तीन क्रियापदं आहेत. "मला आवडत नाही", "तुला शोभत नाही" आणि "आमच्याकडे चालत नाही". पहिल्यात बोलणारा स्वतः हजर असतो. आवड माझी, तेव्हा वाद माझ्याशी घाला. दुसऱ्यात तो हळूच बाजूला होतो आणि बोट समोरच्याच्या अंगाकडे, वयाकडे, रंगाकडे वळतं. तिसऱ्यात कुणीच उरत नाही. कुणाला चालत नाही, का चालत नाही, कुणी ठरवलं, काही पत्ता नाही. नुसतं चालत नाही. माझ्या पिढीच्या मुली बघण्याचे कार्यक्रम व्हायचे तेव्हा मुलीकडची माणसं दबक्या आवाजात विचारायची, "तुमच्याकडे ड्रेस चालतो ना?" ड्रेस म्हणजे सलवार-कमीज. उत्तर यायचं, "हो हो, चालतो की. सणावारी साडी नेसली म्हणजे झालं." उत्तर सासूने दिलेलं असायचं. ज्याच्याशी लग्न ठरत होतं तो मुलगा तिथेच बशीतला चिवडा खात बसलेला असायचा, त्याला काय आवडतं हे कुणी विचारतच नसे. पुढे गाऊन आला. तो घरात चालायचा, पण दाराची बेल वाजली की त्यावर ओढणी घ्यायची आणि मगच दूध घ्यायचं. गाऊनवरची ओढणी हा वेश महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरही भारतात पुष्कळ ठिकाणी दिसतो, आणि त्याचा शोध कुठल्याही फॅशनवाल्याने लावलेला नाही. तो "चालत नाही"ने लावला.

ही क्रियापदं एकमेकांत कशी मिसळतात ते बघायचं तर गोपाळराव आणि आनंदीबाई जोशी यांच्याइतकं बोलकं जोडपं मराठीत नाही. कल्याणची ही मुलगी 1865 ची, नवव्या वर्षी लग्न. नवऱ्याने हट्टाने, प्रसंगी मारून शिकवलं. 1883 मध्ये अमेरिकेला निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरला तिने भाषण केलं आणि आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, आपल्या रीती सोडणार नाही, असं जाहीरपणे सांगितलं. फिलाडेल्फियात गेल्यावर मात्र नऊवारी अडचणीची झाली. काष्टा घातला की पोटऱ्या उघड्या राहतात. तिथल्या थंडीत ते सोसवेना आणि तिथल्या लोकांच्या नजरेतही ते बसेना. तिने साडी सोडली नाही, फक्त गुजराती पद्धतीने नेसायला घेतली. एवढ्याशा बदलावरून गोपाळरावांची पत्रांतून नाराजी. बायकोला समुद्रापार डॉक्टर व्हायला पाठवणारा, जातीचा बहिष्कार अंगावर घेणारा, स्वतः ख्रिस्ती होण्याच्या गोष्टी बोललेला हा माणूस, पण हजारो मैलांवरून निऱ्या कुठे जातात यावर त्याचं लक्ष. तिची उत्तरं नम्र आहेत, पण खाली मान घालून लिहिलेली नाहीत.

ऑक्टोबर 1885 मधला एक फोटो प्रसिद्ध आहे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या तिघी, प्रत्येकी आपापल्या देशाच्या पोशाखात: जपानची केई ओकामी, सीरियाची सबात इस्लामबुली आणि साडीतली आनंदीबाई. त्यानंतर दीड वर्षही ती जगली नाही. फेब्रुवारी 1887 मध्ये पुण्यात गेली. मला त्या फोटोत नेहमी साडीची नेसण आधी दिसते, आणि मग लाज वाटते की मीही गोपाळरावांसारखीच आधी तिकडेच बघते.

गोपाळराव विक्षिप्त होते असं म्हणून त्यांना बाजूला काढता आलं असतं. पण त्या काळातले पुढारलेले नवरे सगळेच बायकोच्या कपड्यांत गुंतलेले दिसतात. सत्येंद्रनाथ टागोर, रवींद्रनाथांचे मोठे बंधू, पहिले भारतीय सनदी अधिकारी, 1864 मध्ये मुंबई इलाख्यात नेमले गेले. बायको ज्ञानदानंदिनी हिला घराबाहेर न्यायचं तर बंगाली बायका तेव्हा घरात जी एकवस्त्री साडी नेसत ती चालणार नव्हती. म्हणून कलकत्त्यात फ्रेंच दुकानातून एक "पौर्वात्य" झगा शिवून घेतला. तो इतका किचकट होता की तिला एकटीला घालताच येईना. मुंबईत आल्यावर तिने पारशी-गुजराती बायकांची नेसण पाहिली, त्यात फेरफार केले, पोलकं-परकर जोडला आणि ती पद्धत बंगालात नेली. नवऱ्याची नावड फ्रेंच शिंप्याकडे गेली आणि फसली. बायकोने शेजारणींकडे बघून प्रश्न सोडवला. आज आपण सहावारीची जी नेसण "नेहमीची" म्हणतो तिच्या पूर्वजांत ही मुंबईतली खटपट आहे.

गांधींनी तर हे आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवलंय. 1896 मध्ये कस्तुरबा आणि मुलांना घेऊन दक्षिण आफ्रिकेला निघताना त्यांना सुधारलेलं दिसायचं होतं. थेट युरोपियन पोशाख नको, तर मग हिंदुस्थानात सर्वांत सुधारलेले मानले जाणारे पारशी बरे. कस्तुरबांना पारशी साडी, मुलांना पारशी कोट आणि पँट, सगळ्यांना बूट-मोजे. बुटांनी पाय आवळले, मोज्यांना घामाचा वास यायचा, तरी सोडवणूक नाही. पुढे हाच नवरा खादीचं व्रत घेऊन आला तेव्हा पुन्हा घरातल्यांच्याच अंगावरचे कपडे बदलले. दोन्ही वेळा कारण उदात्त होतं. माझी शंका एवढीच की कारण जितकं उदात्त तितकं "मला आवडत नाही" म्हणायचं टाळता येतं.

1899 मध्ये थॉर्स्टिन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने याचा हिशोब मांडला होता: सधन घरात बायकोचे कपडे हे तिच्या सुखासाठी नसून नवऱ्याची ऐपत मिरवण्यासाठी असतात. आपल्याकडे ऐपतीच्या जोडीला अब्रूही येते. बायकोचा पदर, तिची बाही, तिचं मंगळसूत्र बाहेर दिसणं, यावर घराचं नाव टांगलेलं. सदऱ्याचं बटण तुटलेला नवरा दिसला तर लोक बायकोलाच नावं ठेवतात, "लक्ष नाही हो तिचं." म्हणजे त्याच्या कपड्यांचा जाबही तिच्याकडेच! तेव्हा बोहारणीला शर्ट देणारी बायको निव्वळ आवडीपोटी देत नसते. पुढच्या लग्नात आपल्याला काय ऐकावं लागेल याचा अंदाज तिने घेतलेला असतो. हे माझ्या बचावासाठी लिहिलं असं कुणाला वाटलं तर वाटो.

इथे एक गोष्ट वेगळी काढायला हवी, नाहीतर सगळीच टीका एका पोत्यात भरली जाईल. डिसेंबर 1927 मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना त्यांच्या पोशाखाबद्दल थेट सांगितलं: गुडघ्यापर्यंतची नेसण सोडा, अंगावरचे चांदीचे जड दागिने टाका, साडी पांढरपेशा बायकांसारखी घोट्यापर्यंत नेसा. वरवर पाहता हाही एका पुरुषाने बायकांना केलेला उपदेशच. पण ती आखूड नेसण आणि ते दागिने त्या स्त्रियांच्या निवडीचे नव्हते; लांबून जात ओळखू यावी म्हणून लादलेल्या खुणा होत्या. साडी चार बोटं खाली आणणं म्हणजे त्या खुणा पुसणं होतं, आणि बायकांनी ते लगोलग केलं. गोपाळरावांना बायकोची साडी खाली आलेली खुपली, महाडात तीच खाली येणं ही मोकळीक ठरली. कापडाच्या लांबीवरून काही ठरत नाही.

कोर्टात हा विषय येतो तेव्हा क्रियापदांचा हाच घोळ न्यायाधीशांपुढे पडतो. मुंबईच्या कुटुंब न्यायालयाने 2014 मध्ये एका बायकोला घटस्फोट दिला. कुर्ता-जीन्स घालू न देणं, साडीचीच सक्ती करणं ही क्रूरता मानली. केरळ उच्च न्यायालयापुढे 2024 च्या अखेरीस आलेल्या प्रकरणात खालच्या न्यायालयाने आईचे कपडे वगैरे बघून मुलांचा ताबा नाकारला होता. उच्च न्यायालयाने ते फटकारलं आणि बाईची पारख कपड्यांवरून करता येणार नाही असं बजावलं. उलट मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 2025 मध्ये म्हटलं की नीट कपडे घालत नाही, स्वयंपाक जमत नाही असले टोमणे म्हणजे फौजदारी कायद्यातली क्रूरता नव्हे. 1983 मध्ये आलेलं 498अ कलम आता भारतीय न्याय संहितेत 85 आणि 86 या क्रमांकांनी आहे, आणि त्यातली क्रूरतेची पायरी उंच आहे. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा शाब्दिक आणि भावनिक छळही धरतो, पण तो मुख्यतः दिवाणी संरक्षणाचा.

वरवर पाहता हे निकाल एकमेकांविरुद्ध उभे दिसतात. मला ते तसे वाटत नाहीत. टोमणा आणि मनाई यांत फरक आहे. "कसले कपडे घालतेस" हे ऐकून घेता येतं, उलटून बोलता येतं, दुर्लक्षही करता येतं. "ते घालून उंबरा ओलांडायचा नाही" यावर काय करणार? पण रोजचे दहा टोमणे वर्षाकाठी मनाईइतकेच भरतात, हे कुठल्या कलमात बसवायचं ते मात्र मलाही सांगता येत नाही. ज्या घरात कपड्यांवरून सुरू झालेलं बोलणं फोन तपासण्यावर, मैत्रिणींवर, नोकरीवर जातं, तिथे कपडे हा पहिला दरवाजा होता एवढं नंतर कळतं. अशा ठिकाणी "त्याला फक्त आवडत नाही हो" म्हणून समजूत काढणारी आई मुलीचं नुकसान करते.

मानसशास्त्राने या रोजच्या टोमण्यांकडे बारकाईने पाहिलंय. सिअ‍ॅटलचे जॉन गॉटमन यांनी जोडप्यांची भांडणं चित्रित करून वर्षानुवर्षं अभ्यासली. तक्रार वेगळी, टीका वेगळी आणि तुच्छता त्याहून वेगळी, असं ते सांगतात, आणि संसाराला सगळ्यांत घातक तुच्छता. मराठीत सांगायचं तर "याची कॉलर विरली आहे" ही तक्रार. "तुला कसं राहायचं ते कळतच नाही" ही टीका. आणि पाहुण्यांसमोर "आमच्या हिला ना, नर्सरीतल्या मुलांसारखे कपडे आवडतात" म्हणून हसणं, ही तुच्छता. तिसऱ्याला पाहुणेही हसतात, म्हणून ती सगळ्यांत जास्त वेळा म्हटली जाते. दुसरी एक कल्पना मला अधिक उपयोगी वाटते. कॅरिल रसबल्ट आणि सहकाऱ्यांनी तिला मायकेलँजेलोचं नाव दिलंय: दगडात मूर्ती आधीच असते, शिल्पकार फक्त भोवतालचं काढून टाकतो. चांगला जोडीदार समोरच्याला जे व्हायचंय ते व्हायला मदत करतो. पण मूर्ती समोरच्याच्या मनातली की छिन्नी धरणाऱ्याच्या मनातली, यावर सगळं अवलंबून. गोपाळरावांनी डॉक्टर घडवला, तोवर दोघांची मूर्ती एकच होती. साडीपाशी ती वेगळी झाली.

पुरुषांच्या कपड्यांबद्दल लिहिण्यासारखं कमी, कारण पुरुषांनी तो प्रांतच सोडून दिला. जे. सी. फ्लुगेल या मानसशास्त्रज्ञाने 1930 मध्ये याला पुरुषांचा महात्याग म्हटलं होतं. अठराव्या शतकाअखेर युरोपातल्या पुरुषाने रंग, झालर, दागिने बाईवर टाकले आणि स्वतः काळ्या कोटात जाऊन बसला. आपला पुरुष अंगरखा-उपरण्यातून निघून वर कोट खाली धोतर अशा अवस्थेत काही वर्षं थांबला आणि मग त्याच काळ्या-राखाडीत जाऊन पोचला. गंमत अशी की बाईने कसं नेसावं हे महाराष्ट्राला शिकवलं एका पुरुषानेच. बालगंधर्वांच्या शालूंची, पदराची, अंबाड्याची नक्कल घरोघरच्या बायका करत. नवऱ्यांना ते आवडत असणार. नाटकाला बायकोला घेऊन तेच तर गेले होते.

आता त्याग संपत आलाय. भिकबाळी परत आलीय, पन्नाशीतले गृहस्थ फुलाफुलांचे शर्ट घालतात, आणि बायका "शोभत नाही"चा पुरेपूर वापर करतात. माझ्या ओळखीत एकीने नवऱ्याच्या बर्म्युडावर तहच केला: सोसायटीच्या फाटकापर्यंत चालेल, त्यापुढे नाही. तो फाटकाशी उभा राहून भाजीवाल्याला हाका मारतो. न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीची कहाणी उलटी. तिचा नवरा अकरा महिने टोपीवाल्या स्वेटशर्टात असतो आणि गणपतीत रेशमी कुर्त्यात उभा राहतो; ती म्हणते, दहा दिवस मी दुसऱ्याच कुणाच्या तरी प्रेमात असते. तीच भाची सासरचा व्हिडिओ कॉल आला की पलंगावरची ओढणी ओढून गळ्यात टाकते. नवऱ्याने कधी सांगितलेलं नाही. सासूनेही नाही. "चालत नाही"ला अमेरिकेचा व्हिसा लागत नाही.

मग न आवडलं तर बोलायचंच नाही का? बोलायचं, असं माझं मत. न बोलणारी माणसं मी पाहिली आहेत. ती कपाटं उपसतात, कपडे धुताना रंग लावतात, इस्त्रीला टाकलेलं महिनाभर आणत नाहीत. मी स्वतः त्यांतलीच. शर्ट देण्याआधी एकदा सरळ म्हटलं असतं की मला हा बघवत नाही, तर तो कदाचित घरात वापरायला राजी झाला असता. कदाचित नसताही झाला. पण निदान डब्यावरून रविवारचे टोमणे बसले नसते.

आणि या सगळ्यात एक तक्रार अशी आहे जी कुठल्या निकालात, कुठल्या प्रयोगशाळेत येत नाही, पण बायकांच्या घोळक्यात बसलं की सगळ्यांत आधी निघते. नवऱ्याला आपले कपडे आवडत नाहीत ही नव्हे. तो बघतच नाही, ही. नवी साडी नेसून चार तास वावरल्यावर "ही नवीन का?" आणि ती तीन वर्षांपूर्वी त्यानेच पाडव्याला दिलेली. "बरी दिसतेस" यातल्या "बरी"ची चिरफाड करण्यात अर्धी रात्र जाते, पण निदान बरी तरी.

गेल्या दिवाळीच्या आधी आम्ही लक्ष्मी रोडला साडी घ्यायला गेलो. गादीवर साड्यांचा ढीग, समोर मी, मागे स्टुलावर पिशव्या सांभाळत नवरा. विक्रेता तिशीचा, मिशीवाला. मला रंगाचा अंदाज यावा म्हणून त्याने एक डाळिंबी पैठणी उलगडली, निऱ्या झटकल्या आणि पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकून आरशापुढे उभा राहिला. मी मागे वळून विचारलं, "कशी वाटते?"

नवऱ्याने मान वर केली, विक्रेत्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "छान दिसतेय."